ओटा, ओटलो आणि अनंत जगताप

अनंत जगताप यांचं गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी बडोद्यातल्या एका रुग्णालयात निधन झालं. वय बासष्ट. फुप्फुसांचा आजार होता, तो वर्षभर वाढत गेला आणि शेवटचे काही आठवडे ऑक्सिजनशिवाय बसणंही त्यांना जमत नव्हतं. त्यांच्या पत्नीचा, सुनंदावहिनींचा, फोन आला तेव्हा त्या रडत नव्हत्या. ‘सकाळी चहा मागितला, दोन घोट घेतले,’ एवढं म्हणाल्या, आणि मग, ‘ते उत्तर लिहायचं राहिलं त्यांचं...’ कुठलं उत्तर, हे मला माहीत होतं. बडोद्यात आणखी एका व्यक्तीला माहीत होतं, आणि बडोद्याबाहेर, संगणकाच्या एका छोट्याशा जगात, बऱ्याच जणांना. हा लेख त्या उत्तराविषयी आहे. म्हणजे ज्या हरकतीला ते द्यायचं होतं तिच्याविषयी, आणि अर्थात अनंतविषयी. यापुढे एकेरीत लिहितो. शाळेपासूनची सवय आहे.

जगतापांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. घरात त्याची खूण म्हणून तलवार वगैरे काही नव्हतं. आडनाव होतं आणि खुर्चीत पाठ न टेकता बसायची सवय होती. वडील रेल्वेत होते. घर बडोद्यातल्या वाडी भागात, एका अरुंद गल्लीत, जिथे एका बाजूला मराठी घरं आणि दुसऱ्या बाजूला गुजराती पोळ, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या घरांची वस्ती. अनंतनं डिप्लोमा केला आणि शहराजवळच्या नंदेसरीतल्या एका रसायन कारखान्यात लागला, तो निवृत्तीपर्यंत तिथेच राहिला. काम उपकरणांचं: दाब, तापमान, गळती मोजणारी यंत्रं नीट चालतात की नाही, हे बघायचं. त्या कारखान्यात एकदा बाहेरून मागवलेलं, सीलबंद अलार्म पॅनल बसवलं गेलं. काही महिन्यांनी ते गळती नसताना वाजू लागलं. मग एके दिवशी गळती असताना वाजलं नाही. वास आधी आला, माणसं बाहेर पळाली, कोणी दगावलं नाही. एका ऑपरेटरचे डोळे मात्र बरेच दिवस सुजलेले होते. पॅनल उघडून बघायची परवानगी कोणालाच नव्हती, करारात तसं लिहिलं होतं. पुरवठादाराचा माणूस येईपर्यंत अनंत रोज पाळी सुरू व्हायच्या आधी स्वतः शेडमध्ये जायचा, उभा राहून वास घ्यायचा आणि मग बाकीच्यांना आत सोडायचा. ‘ज्याच्या आत बघता येत नाही त्याच्या भरवशावर मी माणसं उभी करायची?’ असं तो तेव्हा म्हणाला होता. पुढे संगणकांच्या बाबतीत त्याचा जो हट्ट प्रसिद्ध झाला, तो याच वाक्यातून आला होता. त्यानं स्वतः ते तसं कधी सांगितलं नाही.

वीसेक वर्षांपूर्वी त्याला मुक्त संगणक प्रणालींचा नाद लागला. संगणक सुरू झाल्यावर त्याची सगळी व्यवस्था बघणारा जो मूळ प्रोग्रॅम असतो, ती प्रणाली. बाजारातल्या बहुतेक प्रणाली बंद असतात. त्या कशा चालतात हे कंपनीबाहेर कोणी बघू शकत नाही. मुक्त प्रणालीचं सगळं लिखाण उघडं असतं. कोणीही वाचावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. अट एवढीच की आधी ज्यांनी काम केलं त्यांची नावं पुसायची नाहीत. या मोकळीकीचा एक परिणाम असा की तिथे मतभेद झाला की कोणी कोणाला काढत नाही. ज्याला पटत नाही तो सगळं लिखाण उचलतो आणि शेजारी वेगळी चूल मांडतो. त्याला फोर्क म्हणतात. त्या जगात ही रोजची गोष्ट आहे.

अनंतला प्रणाली बनवायची होती ती शाळांसाठी. जुन्या, टाकून दिलेल्या संगणकांवर चालेल अशी, मराठी आणि गुजराती दोन्ही नीट दाखवणारी. गुजरातीसाठी माणूस हवा होता. तो सापडला समोरच्या पोळीत. निमिषाबेन एका खासगी कॉलेजात संगणक शिकवायच्या, अनंतपेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, आणि मराठी शेजाराच्या अंगणात खेळून वाढल्यामुळे मराठी अस्खलित; फक्त रागावल्या की त्यात गुजराती शिरायचं. पहिली बैठक त्यांच्या घराबाहेरच्या बसायच्या कट्ट्यावर झाली. मीही होतो, कारण मेनूतले मराठी शब्द तपासायला अनंतला वर्तमानपत्रातला कोणीतरी हवा होता. नाव काय ठेवायचं यावर बराच वेळ गेला. शेवटी निमिषाबेन म्हणाल्या, ‘बसलोय कुठे आपण? ओटल्यावर. मग ओटलो.’

‘मराठीत ओटा,’ अनंत म्हणाला.

‘ना रे ना, अनंतभाई. ओटा म्हटलं की मला कुकर दिसतो.’

नाव ओटलो ठरलं. पुढच्या काही वर्षांत सुरतेहून, नाशकाहून, हैदराबादहून लोक येऊन मिळाले. कोणी अक्षरांचे आकार सुधारले, कोणी प्रिंटर चालवून दिले. सगळा व्यवहार ईमेलच्या एका सामायिक यादीवर चालायचा, तिला सगळे लिस्ट म्हणत. तिचे नियम अनंतनं घातले होते, कारखान्याच्या शिस्तीतले. कोणताही बदल करायचा तर लिस्टवर प्रस्ताव मांडायचा. आठवडाभर वाट बघायची. कोणी हरकत घेतली नाही तर प्रस्ताव मंजूर. हरकत आली तर ज्यानं प्रस्ताव मांडला आणि ज्यानं हरकत घेतली, त्या दोघांनी बोलून ती सोडवायची. तिसऱ्या कोणाला ती उठवता येणार नाही. मतदान नाही. आणि दुसरा नियम असा की लिस्टवर जे चालू आहे त्याबद्दल लिस्टबाहेर बोलायचं नाही. ‘आपण बडोद्याचे दोघं चहा पीत ठरवणार आणि सुरतेच्या माणसानं नंतर नुसतं वाचायचं, हे नको,’ असं त्याचं म्हणणं. निमिषाबेन हा दुसरा नियम त्याच्याहून कडक पाळायच्या. रस्त्यात भेटल्या तरी भाजीबद्दल बोलायच्या.

मतभेद झाला तो वाय-फायवरून. शाळांना मिळणारे जुने लॅपटॉप बदलत चालले होते. नव्या प्रकारच्या लॅपटॉपमधली वाय-फायची चिप चालवायला उत्पादकाचा एक छोटा बंद प्रोग्रॅम लागायचा. तो प्रणालीत घातला की लॅपटॉप इंटरनेटला जोडला जाई, नाही तर नाही. लिस्टवर त्याला ‘बंद तुकडा’ हे नाव पडलं. निमिषाबेनचं म्हणणं सरळ होतं: शाळेत वायर ओढायला कोणी येत नाही, इंटरनेट लागलं नाही की शिक्षक आपली प्रणाली पुसून बंद प्रणालीची चोरीची प्रत टाकतात, म्हणजे एक तुकडा नको म्हणता म्हणता सगळंच बंद घरात येतं. अनंतचं म्हणणंही सरळ होतं: आत बघता येत नाही असं काहीही मुलांच्या संगणकावर जाणार नाही. तुकडा लहान आहे की मोठा, हा प्रश्नच नाही. हे पत्रांतून महिनोन्‌महिने चाललं. कोणीही कोणाचा अपमान केला नाही. अजून ती पत्रं वाचता येतात. दोघंही एकमेकांना ‘तुमचा मुद्दा बराबर आहे, पण’ असं लिहितात आणि पुढे सरकत नाहीत.

त्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी निमिषाबेननी प्रस्ताव मांडला. बंद तुकडा प्रणालीत घालावा. ज्याला नको त्याला काढून टाकायची सोय ठेवावी.

जगतापांकडे दहा दिवसांचा गणपती असायचा. घर लहान, गणपती बसायचा तो अनंतच्या संगणकाच्या टेबलावर, कारण पूर्वेची ती एकच भिंत मोकळी होती. आदल्या दिवशी दुपारीच संगणक उतरवून, चादरीत गुंडाळून पलंगाखाली जायचा आणि विसर्जनानंतर वर यायचा. त्या काळी अनंतकडे साधा फोन होता. कारखान्यात ईमेल बघायला बंदी होती आणि तो ती पाळायचा. म्हणजे प्रस्ताव लिस्टवर आला तेव्हा अनंतचा संगणक पलंगाखाली होता.

निमिषाबेन दरवर्षीप्रमाणे दर्शनाला आल्या. मी त्या संध्याकाळी तिथे होतो. अनंत खुशीत होता, मोदक आग्रहानं वाढत होता. ‘घ्या हो, निमिषाबेन, वर्षातून एकदा तर येता. डाएट उद्यापासून.’ त्यांनी दोन घेतले. वहिनींनी तिसरा वाढला. आरती झाली, त्या पाया पडून गेल्या. प्रस्तावाबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. लिस्टवरचं लिस्टबाहेर बोलायचं नाही, हा नियम होता. अनंतला काही ठाऊकच नव्हतं, त्यामुळे तोही बोलला नाही. निमिषाबेननी त्याचा अर्थ असा घेतला की यानं वाचलं आहे आणि यंदा सोडून देतो आहे. पुढे त्यांनीच मला सांगितलं: ‘एवढा हसत वाढत होता माणूस. मला वाटलं, मोठ्या मनानं हरकत घेत नाहीये. घरी जाऊन मी मम्मीला बोललेसुद्धा, अनंतभाई किती सारा माणूस आहे.’ सारा म्हणजे गुजरातीत चांगला. आठवडा संपला. कोणाचीच हरकत आली नाही. प्रस्ताव मंजूर झाला आणि बंद तुकडा आत गेला.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी अनंतनं संगणक वर काढला. तासाभरानं तो समोरच्या पोळीत गेला. वाद मी ऐकला नाही. दोघांनी वेगवेगळा सांगितला आणि दोघांच्या सांगण्यात फारसा फरक नाही.

‘तुम्ही माझ्या घरी आलात, प्रसाद खाल्लात, आणि बोलला नाहीत.’

‘घरी बोलायचं नाही हा नियम कोणी केला, अनंतभाई?’

‘माझा संगणक गणपतीत पलंगाखाली असतो हे तुम्हाला ठाऊक नाही? दरवर्षी बघता तुम्ही.’

‘मी गणपती बघायला येते. टेबल बघायला नाही.’

‘दिवस मुद्दाम निवडलात.’

यावर त्या गुजरातीत म्हणाल्या, ‘आ बोल्या ते पाछुं लई लो.’ हे शब्द मागे घ्या. त्यानं घेतले नाहीत.

महिन्याभरात अनंतनं सगळं लिखाण उचललं, बंद तुकडा काढला आणि वेगळा फोर्क केला. त्याचं नाव ठेवलं ओटा. सुनंदावहिनी म्हणाल्या, ‘माझ्या ओट्यावर यांच्या वायरी, आणि आता संगणकातही ओटाच.’ लिस्टवरच्या बहुतेकांनी ओटलोत राहणं पसंत केलं. बाहेरच्यांनी या फुटीचा अर्थ त्यांच्या परीनं लावला. मराठी आणि गुजराती वेगळे झाले, असं दोन-तीन ठिकाणी छापूनही आलं. ते चूक होतं. ओट्यात गुजराती होतीच, ओटलोत मराठी होतंच. अनंतबरोबर आलेल्या मोजक्या लोकांमध्ये दोघे सुरतेचे होते, आणि निमिषाबेनच्या बाजूनं सर्वांत जास्त लिहिणारा एक पुण्याचा मराठी मुलगा होता. त्यानंच लिस्टवर ते वाक्य टाकलं जे पुढे बरंच फिरलं: ‘काकांचा ओटा धुऊन पुसून लख्ख, बसायला मात्र कोणी नाही.’ अनंतनं उत्तर दिलं: ‘माझ्या ओट्यावर बसायला नाही, उभं राहून काम करायला येतात. तुझे पाय दुखत असतील तर शेजारी जागा आहे.’ निमिषाबेननी दोघांनाही लिहिलं की ही लिस्ट कामाची आहे.

त्यानंतर दोघं जवळपास दहा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. मधल्या काळात जगताप वाडी सोडून बडोद्यातच, पण लांब, तरसालीला राहायला गेले, त्यामुळे समोरासमोर यायचीही वेळ उरली नाही. गणपतीला त्या आल्या नाहीत. पण दोन्ही प्रणाली मुक्त होत्या, आणि एकमेकांचं चांगलं काम घेण्याला कोणाची परवानगी लागत नव्हती. निमिषाबेननी गुजराती जोडाक्षरांची एक जुनी अडचण सोडवली; दुसऱ्या आठवड्यात ती दुरुस्ती ओट्यात होती, त्यांच्या नावासकट. अनंतनं बॅटरी लवकर संपू नये म्हणून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो ओटलोत गेला, त्याच्या नावासकट. ओट्याच्या श्रेयनामावलीत सर्वांत जास्त वेळा येणारं दुसरं नाव निमिषाबेनचं आहे. मी एकदा अनंतला म्हटलं, ‘बोलत नाहीस, पण वाचतोस तिचं ओळ न्‌ ओळ.’ ‘चांगलं लिहिते,’ तो म्हणाला. ‘भांडण तिच्या लिहिण्याशी नाही.’

ओटा मोठा झाला नाही. बरोबर आलेले लोक हळूहळू नोकऱ्यांत, संसारांत गुंतले. शेवटची चारेक वर्षं अनंत एकटाच तो चालवत होता. तो वापरणाऱ्या शाळा थोड्या होत्या. त्यातली त्याची सर्वांत जवळची तरसालीतली, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. बंद तुकडा नाही म्हणजे वाय-फाय नाही, म्हणून निवृत्तीनंतर त्यानं त्या शाळेत स्वतः वायर ओढली. भिंतीला खिळे ठोकून, वर्गावर्गातून. तिथल्या संगणकाच्या शिक्षिका हंसाबेन सांगतात की मुख्याध्यापकांनी विचारलं, ‘काका, आजकाल सगळं हवेतून येतं, तुम्ही ही दोरी का बांधताय?’ त्यावर तो म्हणाला, ‘साहेब, दोरी दिसते. तुटली तर कळतं कुठे तुटली.’

आजार बळावला तसा एक प्रश्न पुढे आला, आणि शेवटचे दोन-तीन महिने त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं. कोणत्याही प्रणालीत अधूनमधून फटी सापडतात, ज्यातून बाहेरचा माणूस आत शिरू शकतो. त्या बुजवणारे अपडेट सतत पाठवावे लागतात. ओट्याचे अपडेट अनंत तयार करायचा आणि त्यावर त्याची डिजिटल मोहर लागायची. ती मोहर नसलेलं काहीही ओट्याचा संगणक स्वीकारत नाही. अनंत गेला की अपडेट थांबणार, आणि काही महिन्यांत शाळांमधल्या त्या संगणकांची दारं उघडी पडणार. मुलांचे संगणक असुरक्षित सोडून जायचे, की ते ओटलोकडे द्यायचे... म्हणजे बंद तुकड्यासकट द्यायचे. काम पुढे चालवणारं तिसरं कोणी नव्हतं. त्यानं जुन्या सोबत्यांना विचारून पाहिलं. सगळ्यांनी आपुलकीनं नाही म्हटलं.

मी शेवटचा भेटलो तो त्याच्या घरी, रुग्णालयात नेण्याच्या आधीच्या रविवारी. नाकाला नळी होती, टेबलाशी बसला होता, पाठ खुर्चीला टेकलेली. हे मी प्रथमच पाहिलं. बोलताना दर तीन-चार शब्दांनी थांबत होता.

‘तिच्याकडे देतो सगळं,’ म्हणाला.

‘फोन लावू का तिला?’

‘फोन नाही... लिस्टवर. नियमानं.’

जुनी लिस्ट अजून होती. ओटलोचा व्यवहार केव्हाच दुसरीकडे गेला होता, वर्षानुवर्षं तिच्यावर कोणी लिहीत नव्हतं, पण बंद कोणी केली नव्हती. त्यानं प्रस्ताव स्वतः टाइप केला, मला करू दिला नाही. चार ओळी होत्या. ओटा ही प्रणाली बंद करावी. ती वापरणारे सर्व संगणक ओटलोत घ्यावेत. बंद तुकडा त्यात असेल, हे मला समजलं आहे. हरकत असल्यास आठवड्याच्या आत कळवावी. त्यानं पाठवायचं बटण दाबलं. ‘बरं वाटतंय का?’ मी विचारलं. ‘बरं वाटण्याचा काय संबंध,’ म्हणाला. ‘मुलांचे संगणक आहेत.’

दुसऱ्या दिवसापासून लिस्टवर उत्तरं येऊ लागली. आठ-दहा वर्षांनी जागे झालेले लोक होते. कोणी अभिनंदन केलं, कोणी अखेर घर एक झालं असं लिहिलं, पुण्याच्या त्या मुलानं, जो आता मुलगा राहिलेला नाही, काकांची माफी मागितली. मंगळवारी अनंतला रुग्णालयात हलवलं. निमिषाबेनचं काहीच आलं नव्हतं. आठवडा भरला की प्रस्ताव मंजूर होणार होता, आणि तसंच होणार असं सगळे धरून चालले होते. रविवारी संध्याकाळी त्यांची हरकत आली. वहिनींनी आपल्या फोनवर बघून ती अनंतला वाचून दाखवली. मजकूर लिस्टवर आहे, तो असा: ‘हरकत. प्रस्ताव मांडणाऱ्यांचं मत बदललं आहे असं मला वाटत नाही. त्यांनी नाइलाजानं लिहिलं आहे. नाइलाज मंजूर करून घ्यायची आपल्याकडे रीत नाही. त्यांनी बोलावं, मी ऐकते.’

वहिनी सांगतात की त्यानं ते पुन्हा वाचायला लावलं. मग डोळे मिटले. त्यांना वाटलं झोप लागली. मग म्हणाला, ‘भांडायला उभी आहे अजून.’ आणि थोड्या वेळानं, ‘मी तिला म्हटलं होतं, दिवस मुद्दाम निवडलात... तेही लिहायला हवं. उद्या बसव मला. उत्तर लिहितो.’ सोमवारी त्याला बसवता आलं नाही. मंगळवारी सकाळी तो गेला.

निमिषाबेन भेटायला आल्या त्या दिवशी मी तरसालीला होतो. दारातच त्यांनी वहिनींचे हात धरले आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या. आत बसल्यावर वहिनींनीच विषय काढला. ‘त्यांनी तुमच्या पदरात टाकलं सगळं. तुम्ही परत केलंत. असं का, निमिषाबेन?’

‘वहिनी, ते पाइप लावून लिहिलेलं. मी अनंतभाईंना ओळखत नाही का? त्यांना तो तुकडा नकोच होता. शेवटपर्यंत नको होता.’

‘मग आता त्या संगणकांचं काय?’

‘ते बघू. मोहर कुठे आहे?’

मोहर अनंतच्या संगणकात होती आणि ती एका लांबलचक सांकेतिक वाक्यानं उघडायची. ते वाक्य त्यानं वहिनींना पाठ करायला लावलं होतं. आजारपणात, रोज संध्याकाळी, चुकलं की परत पहिल्यापासून. ‘परवचा म्हणावा तसं घोकून घेतलं माझ्याकडून,’ वहिनी म्हणाल्या. ‘कोणाला सांगायचं नाही म्हणाले. तुम्हाला सांगायचं की नाही, ते काही बोलले नाहीत.’

‘मला नका सांगू,’ निमिषाबेन म्हणाल्या. ‘मी काम करते. तुम्ही टाइप करा.’

प्रस्तावाचं पुढे काय करायचं यावर लिस्टवर चर्चा झाली. हरकत उठवण्याचा अधिकार दोघांनाच, आणि त्यांतला एक हयात नाही. अशा वेळी काय करायचं हे नियमांत लिहिलेलं नाही. हैदराबादच्या एकांनी सुचवलं की निमिषाबेननी हरकत मागे घ्यावी, म्हणजे मांडणाऱ्याची शेवटची इच्छा पूर्ण होईल. निमिषाबेननी लिहिलं की उत्तर आल्याशिवाय त्या हरकत मागे घेऊ शकत नाहीत. पुण्याहून कोणी विचारलं, उत्तर कोण देणार? प्रस्ताव मंजूर नाही, नामंजूर नाही, म्हणून ओटाही बंद झालेला नाही.

गेल्या रविवारी दुपारी निमिषाबेन बसनं तरसालीला आल्या. येताना त्यांनी खमण आणलं होतं. अनंतच्या टेबलाशी त्यांनी तीनेक तास काम केलं. नव्यानं सापडलेल्या फटी बुजवणारे बदल आपल्या ओटलोतून उचलून ओट्यात बसवले, आणि जिथे जिथे बंद तुकड्याचा संबंध येत होता तिथे तो बाजूला काढून पर्यायी ओळी लिहिल्या. मधूनच स्वतःशी गुजरातीत पुटपुटत होत्या. ‘काय झालं?’ वहिनींनी विचारलं. ‘काही नाही. माझंच लिखाण आहे, तुमच्या नवऱ्यानं सुधारून ठेवलंय. आणि टीप टाकलीय, बघा, इथे निमिषाबेन घाईत होत्या.’ वहिनी हसल्या, मग पदरानं चष्मा पुसू लागल्या. मोहर लावायची वेळ आली तेव्हा वहिनी खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, ‘मागे फिरा. तिकडे खिडकीकडे बघा. भाऊजी, तुम्हीसुद्धा.’ आम्ही दोघं खिडकीकडे तोंड करून उभे राहिलो. एकदा चुकलं. ‘थांबा हं... पहिल्यापासून,’ वहिनी म्हणाल्या. दुसऱ्यांदा लागलं.

अपडेट चारच्या सुमारास गेला. त्यात बंद तुकडा नाही. सोमवारी सकाळी तरसालीच्या शाळेत हंसाबेननी संगणक सुरू केले आणि तो सर्वांवर उतरला, असं त्यांनी फोनवर सांगितलं.